वाचून न दाखवलेलं पान

म्हैसूरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सव्वीस वर्षं चाललं. आता ते माझी भाची चालवते आणि मी घरी बसून तिला फोनवर नको असलेले सल्ले देते. या अंकासाठी धंद्यातलं काही लिहा असं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या मराठीचीच काळजी वाटली. आमचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि राहिले. फौज गेली, भाषा राहिली, आणि तीही आता अर्धी कन्नडमध्ये बुडालेली आहे. मराठी मी शाळेत शिकले नाही, आईने घरी पाटीवर शिकवली. तेव्हा कुठे काही वेडंवाकडं वाटलं तर तो दोष माझा, आईचा नव्हे.

आमच्या धंद्यात गमतीची माणसं भरपूर भेटतात. एक वकील रिक्षातून फक्त पडदा घेऊन आले होते. कॉम्प्युटर बिघडलाय म्हणाले. खालचा डबा कुठे आहे विचारलं तर म्हणाले, तो बरा आहे, तो घरीच ठेवलाय. आयुधपूजेनंतरचा आठवडा तर आमच्या सुगीचा. गावातली सगळी यंत्रं त्या दिवशी हळदकुंकू लावून पुजतात, त्यात कॉम्प्युटरही आले. पंख्याच्या जाळीतून आत गेलेलं कुंकू ब्रशने काढता काढता माझी बोटं संक्रांतीपर्यंत लाल असत.

पण या लेखात मला सांगायचं आहे ते एकाच गिऱ्हाइकाबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल. ती चूक कुणाच्या ध्यानातही येणार नाही इतक्या लहानशा जागी झाली होती. ती जागा कुठली, हे आधी सांगायला हवं.

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर त्याला सुरुवातीला काहीच कळत नसतं. विंडोज म्हणजे काय, फायली कुठे आहेत, काही नाही. डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात एक इवलासा प्रोग्राम बसवलेला असतो, तो मशीनला सांगतो की तुझी बाकीची सिस्टीम अमुक ठिकाणी आहे, तिकडे जा. याला बूटलोडर म्हणतात. नवीन सिस्टीम घालताना इन्स्टॉलर दहाबारा प्रश्न विचारतो. भाषा कोणती, गाव कोणतं, नाव काय. त्यातच एक प्रश्न असतो, बूटलोडर कुठे ठेवू? मशीनमध्ये एकच डिस्क असेल तर या प्रश्नाला अर्थ नसतो. दोन असल्या तर मात्र सगळं त्यावरच असतं. आणि गंमत अशी की त्या जागी इन्स्टॉलरने स्वतःच एक उत्तर आधी भरून ठेवलेलं असतं. आपण काही न बघता पुढे गेलो तरी काम पुढे जातं.

गणोजीराव जगताप माझ्या दुकानात पहिल्यांदा आले त्याला दहाबारा वर्षं झाली. पन्नाशी ओलांडलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पांढरी काठी. दारात उभे राहून त्यांनी आत कोण आहे विचारलं. मी बोलले तसे म्हणाले, "विमलाबाई तुम्हीच का? मग तुमचा आवाज मला ओळखीचा आहे. तुम्ही मोजणीच्या तारखेसाठी आमच्या कचेरीत फोन केला होता. चारएक वर्षं झाली."

खरंच केला होता. माझ्या सासरच्या थोड्या जमिनीची मोजणी अडली होती. म्हैसूरच्याच नजरबाद भागात जमीनमोजणीचं काम करणारी एक कचेरी आहे, तिथे गणोजीराव टेलिफोन ऑपरेटर होते. मी विचारलं, इतक्या फोनांमधला माझा फोन कसा लक्षात राहिला? ते म्हणाले की मराठी वळणाचं कन्नड महिन्यात एकदोनदाच ऐकू येतं. आणि मग थोडं थांबून, जणू माफी मागत असल्यासारखं, म्हणाले की मी तुमचा फोन आत जोडून दिला होता, पण तिकडे कुणी उचलला नाही.

तेच त्यांचं दुखणं होतं. ते जन्मापासून दृष्टिहीन. अंधशाळेत टाइपरायटर शिकले, मग ही नोकरी लागली आणि आयुष्यभर त्यांनी लोकांचे फोन आत जोडून दिले. आत कुणी उचलत असे, कुणी नसे. आता कचेरीत प्रत्येक टेबलावर थेट फोन येणार होते आणि त्यांचा फोन जोडायचा बोर्ड निघणार होता. नोकरी जाणार नव्हती. निवृत्तीला सात वर्षं होती, तोवर रोज यायचं, सही करायची, बसायचं आणि संध्याकाळी घरी जायचं, असं त्यांना प्रेमाने सांगण्यात आलं होतं. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण 'प्रेमाने' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

त्यांनी स्वतःच एक काम शोधून काढलं होतं. कृष्णराजनगर, पिरियापट्टण अशा आसपासच्या तालुक्यांतून माणसं फोन करतात. त्यांना लिहिता येत नाही, किंवा येतं पण सरकारी अर्जाची भाषा येत नाही. त्यांचं म्हणणं फोनवर ऐकून घ्यायचं, नीट अर्जासारखं टाइप करायचं आणि त्या त्या टेबलावर ठेवायचं. "ऐकण्यात मी कुणाला हार जाणार नाही," ते म्हणाले. "मला फक्त बोलणारा कॉम्प्युटर पाहिजे."

पडद्यावरचं वाचून दाखवणारे प्रोग्राम असतात. पण त्यांच्या वाट्याला आलेलं मशीन कचेरीचं होतं, त्यावर पासवर्डशिवाय काही घालता येत नव्हतं आणि परवानगीचा कागद कुठल्यातरी टेबलावर पडून होता. तेच मशीन दुसरे कारकूनही मोजणीच्या याद्या छापायला वापरत. त्यांच्या सुपरिंटेंडंट सरोजम्मा म्हणून होत्या, कडक पण सरळ बाई. त्यांनी तोंडी परवानगी दिली होती, एका अटीवर. मशीनच्या आतल्या गोष्टीला कुणी हात लावायचा नाही.

मी म्हटलं, हात लावायची गरजच नाही. मी एका छोट्या बाहेरच्या डिस्कवर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम, घालून देते, बोलणारी. ती डिस्क लावून मशीन सुरू केलं की ते तुमचं, डिस्क काढून सुरू केलं की कचेरीचं. गणोजीरावांनी हे वाक्य दोन वेळा माझ्याकडून म्हणवून घेतलं आणि मग हसले.

शनिवारी दुपारी कचेरी रिकामी झाल्यावर मी गेले. मशीनच्या डब्यावर कंपनीचं सील होतं, नाहीतर माझी नेहमीची पद्धत अशी की आतल्या डिस्कची वायरच काढून ठेवायची, म्हणजे चूक करायची म्हटली तरी होत नाही. तो रस्ता बंद होता. मी इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावला, त्यांची डिस्क लावली आणि कामाला सुरुवात केली.

गणोजीराव शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी एकच विनंती केली, पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवा. त्यांना आपल्या मशीनमध्ये काय चाललंय ते कळायला हवं होतं. मी वाचत गेले. भाषा विचारतंय, कोणती ठेवू? कीबोर्ड विचारतंय. नाव काय देऊ? ते प्रत्येकाचं उत्तर विचार करून देत. सिस्टीम कोणत्या डिस्कवर घालायची हेही मी वाचलं आणि बाहेरची डिस्क नीट निवडली. त्याच पानावर खाली बूटलोडरची ओळ होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. दुकानातून होता, मी एका हाताने तो बंद केला.

"आता काय विचारतंय?" गणोजीरावांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले, "सुम्ने."

सुम्ने हा आमच्या म्हैसूरच्या मराठीतला कन्नड शब्द. उगाच, असंच, काही विशेष नाही. दिवसातून पन्नास वेळा आम्ही तो वापरतो. तो म्हणत मी बटण दाबलं आणि पुढे गेले.

त्या ओळीत इन्स्टॉलरने आधीच भरून ठेवलेलं उत्तर होतं पहिली डिस्क. म्हणजे आतली. म्हणजे कचेरीची.

संध्याकाळी मशीन बोलायला लागलं. यंत्राचं ते कन्नड ऐकून आम्ही दोघंही हसलो. उत्तरेतून बदली होऊन आलेला कुणी अधिकारी नुकता कन्नड शिकत असावा तसं ते बोलत होतं. पण बोलत होतं. गणोजीरावांनी आपलं नाव टाइप केलं आणि मशीनने ते वाचलं. त्यांनी परत टाइप केलं, परत ऐकलं. मी दुकानातले माझे हेडफोन त्यांना वापरायला दिले आणि घरी आले. डिस्क काढून मशीन सुरू करून बघायचं मला सुचलं नाही. आज हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याची. चूक तर कुणाकडूनही होते, पण काम झाल्यावर दोन्ही बाजूंनी तपासणं हा आमच्या धंद्याचा पहिला धडा आहे, आणि तो मी दुसऱ्यांना शिकवत असे.

दोनतीन आठवडे काही कळलं नाही. गणोजीराव रोज डिस्क लावत, शिकत होते. डिस्क दिवसभर मशीनला लावलेलीच असे, आणि याद्या छापायच्या असल्या की मशीन परत सुरू करून, सुरू होतानाच्या यादीतून विंडोज निवडून कारकून आपलं काम करत. मग त्यांच्या बहिणीच्या घरी कृष्णराजनगरला लग्न निघालं. त्यांनी तीन दिवसांची रजा टाकली आणि डिस्क पिशवीत घालून गेले.

पुढचं मला महिन्यानंतर कळलं, आणि तेही गणोजीराव माझे हेडफोन परत करायला आले म्हणून.

सकाळची वेळ होती. त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवले आणि म्हणाले, आता लागत नाहीत. मी विचारलं, नवीन घेतले का? नाही म्हणाले. मग का, असं दोनतीन वेळा विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, बोर्डावरून निरोप द्यावा तितक्या सपाट आवाजात.

ते लग्नाला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी कारकुनाने मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आल्या आणि मशीन तिथेच थांबलं. बाहेर गावोगावची माणसं मोजणीच्या तारखा घ्यायला उभी होती. याद्या सगळ्या त्याच मशीनमध्ये. दुपारपर्यंत काही झालं नाही, लोकांना परत पाठवलं. सरोजम्मांनी गणोजीरावांना फोन केला. ते लग्नाच्या मांडवातून म्हणाले, माझ्या हातून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल. परत आल्यावर त्यांनी डिस्क लावली आणि मशीन सुरू झालं. त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच पटली की यांनी कचेरीचं मशीन आपल्या डिस्कला बांधून टाकलंय. त्यांच्याकडून लेखी खुलासा घेतला. डिस्क सरोजम्मांच्या देखरेखीखाली त्या मशीनला कायमची लावून ठेवली, कारण ती काढली की मशीन मरत होतं. आणि गणोजीरावांना दाराजवळ खुर्ची दिली. आता ते सही करून बसतात.

मी त्यांना फक्त एक गोष्ट परत विचारली. डिस्क लावली की सुरू होतं आणि काढली की नाही, असंच ना? हो म्हणाले. आणि मला तो शनिवार आठवला, वाजणारा फोन आठवला आणि ती ओळ आठवली.

विंडोज कुठे गेलं नव्हतं. याद्या जागच्या जागी होत्या. फक्त मशीनला रस्ता सांगणारा तो इवलासा प्रोग्राम मी कचेरीच्या डिस्कवर बसवला होता, आणि तो स्वतःचे उरलेले भाग शोधत होता गणोजीरावांच्या पिशवीतल्या डिस्कवर. पिशवी कृष्णराजनगरला, म्हणून मशीन नजरबादला थांबलेलं.

"गणोजीराव," मी म्हणाले, "तुम्ही काहीच चुकीचं दाबलं नव्हतं. चूक माझी आहे."

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

तेच पुढे बोलले. "त्या दिवशी तुम्ही सगळं वाचून दाखवलंत. एक सोडून. मी विचारलं तेव्हा सुम्ने म्हणालात आणि बटण दाबलंत. मॅडमचा फोन आला तेव्हा मी हिशेब केला. चूक असली तर त्या ठिकाणीच असणार."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "मॅडमनी तोंडी परवानगीवर बाहेरचं माणूस आत घेतलं होतं. तुमचं नाव निघालं असतं तर तुमच्यावरही आलं असतं आणि त्यांच्यावरही. माझ्यावर आलं तर काय? माझ्या हातून असं होणारच, हे सगळे आधीपासूनच धरून होते. कुणाला नवलसुद्धा वाटलं नाही, विमलाबाई."

हे शेवटचं वाक्य मी आजवर विसरलेले नाही. माझ्या एका आळसाने मी एका माणसाचं काम घालवलं होतं, आणि शिवाय त्याच्याबद्दल लोकांच्या मनात जे आधीपासून होतं त्याला पुरावा मिळवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या वेळी मी सरोजम्मांच्या टेबलासमोर उभी होते. गणोजीरावांनी येऊ नका म्हणून सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही. आदल्या दिवशी घरी मी मनात बरंच काही रचलं होतं, तांत्रिक अडचण वगैरे. तिथे गेल्यावर ते सगळं गळून पडलं आणि मी एवढंच सांगितलं की मशीन गणोजीरावांनी बिघडवलेलं नाही, मी बिघडवलंय, आणि ते मला आत्ता नीट करता येईल.

सरोजम्मांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि बसायला सांगितलं. मग एक कोरा कागद पुढे सरकवला. "जे झालं ते लिहून द्या, अम्मा. त्यांनीही लिहून दिलंय. दोन्हीतलं खरं कुठलं ते मला कळायला हवं."

मी कन्नडमध्ये लिहिलं. बूटलोडर म्हणजे काय ते चार ओळींत लिहिलं, तो कुठे ठेवायला हवा होता आणि मी कुठे ठेवला ते लिहिलं, आणि पडद्यावर ते विचारलं गेलं होतं पण मी लक्ष दिलं नाही हेही लिहिलं. गिऱ्हाइकाला चूक सांगणं वेगळं आणि ती आपल्या हाताने कागदावर लिहून खाली सही करणं वेगळं.

सरोजम्मांनी तो कागद दोनदा वाचला. "म्हणजे त्यांनी काहीच केलं नव्हतं?"

"नाही."

"तरी कबूल केलं."

मी मान हलवली. त्या उठून स्वतः दाराशी गेल्या आणि गणोजीरावांना हाताला धरून मशीनपाशी घेऊन आल्या. शिपायाला पाठवूनही बोलावता आलं असतं. सगळी कचेरी बघत होती.

दुरुस्तीला फार वेळ लागणार नव्हता, पण क्रम महत्त्वाचा होता. आधी गणोजीरावांच्या डिस्कवर त्यांचा बूटलोडर बसवायचा, तो चालतो का बघायचं, आणि मगच आतल्या डिस्कवरचा माझा चुकीचा काढून विंडोजचा परत आणायचा. उलटं केलं असतं तर मध्येच दोघांनाही रस्ता सापडला नसता. मी बसले, मशीन सुरू केलं, आणि या वेळी पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. स्वल्पविरामसुद्धा सोडायचा नाही असं मी ठरवलं होतं.

त्या ओळीपाशी आले तेव्हा माझा आवाज थोडा बदलला असावा, कारण गणोजीरावांनी मान वर केली.

"बूटलोडर कुठे ठेवू असं विचारतंय," मी वाचलं. "दोन जागा आहेत. पहिली पाचशे जीबीची, आत बसवलेली. दुसरी एकशेवीस जीबीची, बाहेरून लावलेली."

"पहिली कचेरीची," ते म्हणाले. "तिला हात लावायचा नाही. दुसरी. दुसरी माझी."

इतकं सरळ होतं ते. त्या शनिवारी मी ही ओळ मोठ्याने वाचली असती तर त्यांनी हेच उत्तर दिलं असतं, आणि पुढचं काही झालं नसतं. बूटलोडरबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, पण आपलं काय आणि दुसऱ्याचं काय हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्या प्रश्नाला तेवढंच लागत होतं.

काम झालं. सरोजम्मांनी ते तीनदा करून दाखवायला लावलं. डिस्क लावून, मग काढून, मग परत लावून. काढली की विंडोज आलं, लावली की ते परदेशी कन्नड बोलायला लागलं. मी एक गोष्ट जास्तीची करून दिली. मशीन सुरू होताना बूटलोडर काहीच बोलत नाही, कारण बोलणारा प्रोग्राम तोवर जागा झालेला नसतो. डोळस माणूस पडद्याकडे बघून समजतो, गणोजीरावांना कळायला मार्ग नव्हता. पण बूटलोडरला मशीनच्या आतल्या छोट्या भोंग्यातून शीळ घालायला लावता येते. मी दोन सुरांची शीळ बसवली. शीळ आली म्हणजे डिस्क सापडली, असा हिशेब.

मग सरोजम्मा म्हणाल्या, मला तुमचं काम दाखवा. गणोजीराव बसले. त्यांनी म्हटलं, कुणीतरी तक्रार सांगा. कचेरीतले सगळे एकमेकांकडे बघत राहिले, तेव्हा खुद्द सरोजम्मांनी एक बनावट तक्रार सांगितली, बांध सरकवल्याची, मुद्दाम भराभर आणि मागचं पुढे करून. ते ऐकत होते आणि बोटं चालत होती. शेवटी त्यांनी दोन गोष्टी दाखवून दिल्या, सर्व्हे नंबर राहिला आणि शेजाऱ्याचं नाव दोनदा वेगवेगळं सांगितलंत. छापलेला कागद सरोजम्मांनी हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला. दाराजवळची खुर्ची दुपारी उचलली गेली.

मला त्या बाईंचे आभार मानायचे राहून गेले. पुढे त्यांची बदली झाली. माझा कबुलीचा कागद त्यांनी मनात आणलं असतं तर माझं दुकान अडचणीत आणू शकला असता. त्यांनी तो गणोजीरावांच्या खुलाशावर टाचणीने लावला, खाली 'यांची चूक नाही' असं लिहिलं आणि विषय संपवला.

गणोजीरावांचं ऋण तर कसं सांगावं कळत नाही. त्या दिवसानंतर मी कोणत्याही मशीनवर सिस्टीम घालताना पडद्यावरचं मोठ्याने वाचते, डिस्कचं नाव आणि आकार दोन्ही. दुकानात कुणी नसलं तरी वाचते. नवीन मशीनमध्ये ही भानगड वेगळ्या रीतीने चालते, तरी वाचते. माझी भाची सुरुवातीला हसायची, आता तीही वाचते. त्या सवयीने आमच्या हातून किती लोकांच्या फायली वाचल्या असतील याची गणती नाही. शिकवायचं म्हणून काही ते शिकवायला आले नव्हते. शेजारी बसून पडद्यावर काय आहे एवढंच त्यांनी विचारलं होतं. इतक्या वर्षांत एवढा साधा प्रश्न मला दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाने विचारला नाही.

ते निवृत्त होईपर्यंत फोनवरचे अर्ज घेत राहिले. त्यांच्या टेबलासाठी पुढे कचेरीने रीतसर बोलणारं मशीन घेतलं. अधूनमधून ते मला फोन करून एखादी हकीकत सांगत, त्यातली एक सांगून थांबते.

पिरियापट्टणजवळच्या एका खेड्यातून देवीरम्मा नावाची बाई फोन करायची. तंबाखूच्या शेताची हद्द शेजाऱ्याने सरकवली होती. तिने तीन खेपा घातल्या होत्या, लिहिता येत नव्हतं, प्रत्येक वेळी कुणीतरी उद्या या म्हणून सांगितलं होतं. गणोजीरावांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, अर्ज टाइप केला, टेबलावर ठेवला आणि एक प्रत तिच्या पत्त्यावर टपालाने पाठवली. मोजणी झाली, हद्द परत जागेवर आली. काही महिन्यांनी ती बाई ती प्रत घडी करून कमरेला लावून कचेरीत आली आणि खिडकीवर विचारायला लागली, हे कुणी लिहिलं? लोकांनी गणोजीरावांकडे बोट दाखवलं.

ती त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. काठी, मिटलेले डोळे, तिने बघितले असणारच. पण तिने त्याबद्दल काही विचारलं नाही. कागद उलगडून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "तुमचं अक्षर फार चांगलं आहे, सार. माझ्या नातीने एकदासुद्धा न अडखळता वाचून दाखवलं."

हे सांगायला त्यांनी मला दुकानात फोन केला. समोर गिऱ्हाईक होतं, मी त्याला हाताने थांबायची खूण केली.

"विमलाबाई," ते म्हणाले, "आज कुणीतरी माझ्या अक्षराचं कौतुक केलं."

उभं आयुष्य टेलिफोनवर काढलेला तो माणूस त्या दिवशी फोन ठेवायला विसरला, आणि मीही तो बराच वेळ कानाला लावून उभी राहिले.